वाकळेवरची बारी

मी कसली नोकरी करत होते, हे माझ्या सख्ख्या बहिणीला अजून धड सांगता येत नाही. बार्शीला तिच्या सासरी कुणी विचारलं, की ती आधी ‘ताई शिक्षिका होती’ म्हणते, मग माझ्याकडे बघते आणि ‘म्हणजे, मैदानावर असायची’ अशी दुरुस्ती करते. ऐकणाऱ्याला वाटतं मी धावपटू वगैरे होते. मग तो माझा एकूण घेर बघतो आणि पावसापाण्याची चौकशी करू लागतो.

म्हणून आधी काम काय ते सांगून टाकते. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, एका संस्थेचं खेळकेंद्र होतं. केंद्र म्हणजे मुरमाचं एक मैदान, पत्र्याची एक खोली, दोन ट्रंका आणि कुंपणाला लागून एक मोठा लिंब. त्या ट्रंकांमध्ये दोऱ्या, लगोरीच्या फरश्या, रबरी चेंडू, फक्कीची पिशवी आणि हळदीची बाटली. खर्च सरकारी अनुदानातून चाले. कुठल्या खात्याच्या, ते सांगत नाही, कारण त्या खात्यातली माणसं अजून भेटली की मला चहा पाजतात. दुपारी साडेचारला मी मैदानावर फक्कीच्या रेघा मारायचे आणि दिवेलागणीपर्यंत पोरं खेळायची. फी नाही, गणवेश नाही, हजेरी नाही. पोरं मला बाई म्हणत आणि त्यांच्या आया खेळबाई म्हणत.

यात शिकवण्यासारखं फारसं काही नसतं. लंगडी आणि लगोरी पोरं एकमेकांकडूनच शिकतात. खेळणाऱ्या पोरांकडे कुणीही बघू शकतं. न खेळणारं पोर कुठं उभं आहे आणि का, हे बघण्याचा मला पगार मिळत होता. कुणाची चप्पल तुटलेली असते, कुणाला घरी मार बसलेला असतो, कुणाला फक्त भिडस्तपणा नडत असतो. पाण्याच्या दिवशी मुली यायच्याच नाहीत. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेव्हा घागरी कुणी भरायच्या? त्यामुळे पाणी कुठल्या गल्लीला कधी येणार याचं वेळापत्रक मला पाणीवाल्यापेक्षा जास्त पाठ होतं, आणि मोठ्या सामन्याचा दिवस मी ते बघून ठरवायचे.

नोकरीला लागले त्या वर्षीच मला कळलं, की आमच्या वस्तीत मोकळ्या हातांची मुलगी मिळणं कठीण. आया घरी विड्या वळत. सुपात पानं, तंबाखू, दोरा, आणि संध्याकाळपर्यंत ठरलेल्या विड्या झाल्याच पाहिजेत. मग तान्ह्याला कोण घेणार? सात-आठ वर्षांची बहीण. ती मैदानावर यायची ती कडेवर भावाला घेऊन, आणि कुंपणाशी एक कुल्ला वाकडा करून उभी राहायची. अशा सहा-सात जणी एका रांगेत. मी चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी घरून जुनी वाकळ आणून लिंबाखाली अंथरली. सगळी बाळं वाकळेवर. दोन मुली त्यांना सांभाळतील, बाकीच्या खेळतील. पंधरा मिनिटांनी मी शिट्टी वाजवली, की खेळणाऱ्यांतल्या दोघी वाकळेवर येणार आणि वाकळेवरच्या दोघी मैदानात जाणार. पोरी त्याला बारी म्हणू लागल्या. ‘आज पयली बारी माझी न्हाई हं,’ अशी भांडणं व्हायची, पण शिट्टी वाजली की बारी बदललीच पाहिजे हा नियम कुणी मोडला नाही. वाकळ तीनदा बदलली, मुली कितीतरी बदलल्या, तो नियम टिकला. माझ्या नोकरीतलं स्वतःचं असं मी एवढंच केलं. मी मात्र वाकळेवर कधी बसले नाही. शिट्टी माझ्याकडे होती ना.

नागमणी त्या बारीतली शेवटच्या काळातली. अकरा वर्षांची, काटकुळी, घरात तेलुगू आणि बाहेर आमची सोलापुरी. कडेवर दीड वर्षाचा चिन्नू. तो तिच्यापेक्षा अंगानं बरा होता. त्याला वाकळेवर ठेवून ती लंगडी घालायला उतरली, की समोरच्या गड्यांचं काही खरं नसे. एका दमात सहा-सात जण बाद करायची आणि पाय टेकायची नाही. मी तिला एकदा विचारलं, एवढा तोल कुठून आणलास गं? ती म्हणाली, ‘चिन्नू नसला की अंग हलकं लागतंय की बाई.’ हे ती तक्रार म्हणून म्हणाली नव्हती.

तर अशा सगळ्या चालत्या गाड्यात योजना आली. खेळ-कूपन योजना, प्रायोगिक तत्त्वावर. आम्हा सगळ्या केंद्रांच्या लोकांना सभेला बोलावलं. एक तरुण अधिकारी आले होते, ते बार्शीकडचेच, बोलायला अदबशीर. त्यांनी समजावलं ते असं: आजवर अनुदान केंद्राला मिळायचं, मग तिथं पोर येवो न येवो. आता दर शिधापत्रिकेमागे घराला कूपनांचं एक पुस्तक मिळेल. सहा वर्षांवरच्या मुलाला घेऊन आईबापांनी हव्या त्या नोंदणी झालेल्या केंद्रात, अकादमीत, तलावावर जावं आणि दर दिवसाला एक कूपन द्यावं. जितकी कूपनं केंद्राकडे जमतील तितकं त्याचं अनुदान. निवड पालकांची. जे चांगलं चालतं ते टिकेल.

मला हे फार आवडलं. इथं माझा स्वभाव सांगायला हवा. मला आळशी माणसाचा राग येतो, आणि तो राग मी लपवत नाही. गावात काही केंद्रं अशी होती, की कॅरमबोर्ड कुलपात आणि व्यवस्थापक घरी. अनुदान मात्र त्यांना आणि मला सारखंच. इतकी वर्षं माझ्या मनात ते खुपत होतं. सभेत मी उठून उभी राहिले आणि चांगलं दहा मिनिटं बोलले. म्हटलं, होऊन जाऊ द्या दूध का दूध. माझ्याकडे मैदान मावत नाही इतकी पोरं येतात, मला कूपनांची भीती नाही. टाळ्या पडल्या. अधिकाऱ्यांनी माझं नाव लिहून घेतलं. योजनेच्या कागदात पुढे ‘केंद्रचालकांनी उत्स्फूर्त स्वागत केले’ असं वाक्य आलं, ते माझ्यामुळे.

आमचे राखणदार चाचा सभेला मागे बसले होते. परत येताना ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. म्हणाले, ‘फुकट के पानी कू चिठ्ठी कौन देता, बाई?’ मी हसले. म्हटलं, चाचा, तुम्हाला योजना कळलीच नाही. चाचा चौथीपर्यंत शिकलेले आणि मी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतलेली.

पुढचे तीन महिने मी ट्रंकेवर कूपनांसाठी पत्र्याचा डबा ठेवून बसले. मैदान नेहमीसारखं भरायचं आणि डबा रिकामा राहायचा. मला वाटलं पोरं विसरतात. मग मी घरोघर गेले. नागमणीची आई अनसूयम्मा विड्या वळताना मान वर न करता बोलली, पण मनात काही न ठेवता बोलली. थोरला व्यंकटेश क्रिकेटच्या अकादमीत जातो, पुस्तक तिकडं दिलंय. ‘तितं टोपी दिली, बूट दिले. तुमी टोपी देत न्हाई की बाई. आन नागमणी तर तुमच्याकडं फुकट येतीयच की.’

प्रत्येक घरात कमीअधिक हेच. कुणाचं पुस्तक स्केटिंगला, कुणाचं कराटेला. कुणावर राग काढावा? मी आई असते तर मीही तेच केलं असतं. माझं मैदान उघडं, कुंपण गुडघ्याएवढं, फाटक नाहीच. जिथं कूपन दिल्याशिवाय आत घेत नाहीत तिथं कूपन द्यायचं, आणि जिथं तसंही घेतात तिथं पोरं नुसती पाठवायची. अगदी शहाणपणाचा हिशेब होता. चाचांना तो सायकल हातात धरून सुचला होता, मला तीन महिने डबा उघडझाक करून कळला.

कूपनांमुळे काही नग भेटले, तेही सांगते. एका गृहस्थांनी स्कूटरवरून न उतरताच विचारलं, लंगडीचं सर्टिफिकेट देता का? मी विचारलं, कशाचं देऊ, पाय टेकला नाही याचं? ते गंभीरपणे ‘चालेल’ म्हणाले. दुसरे अक्कलकोटकडचे अप्पा. किराणा दुकान मुलाच्या हवाली करून आमच्या भागात राहायला आलेले, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारे, कपाळावर भस्म. त्यांचा नातू पुण्याला शिकायला गेलेला, पण कूपनांचं पुस्तक घरी आलेलं. ‘वाया कशाला घालवायचं?’ म्हणून ते रोज येऊन लिंबाच्या पारावर तासभर बसत आणि जाताना एक कूपन पुढे करत. नातवाच्या नावचं मी बसलो, म्हणत. मी घेत नसे. पुढे आमची अडचण कळल्यावर ते गल्लीतली पडून राहिलेली पुस्तकं गोळा करून घेऊन आले आणि फाडा म्हणाले. त्यांच्या मनात काही काळं नव्हतं. मीच तडकले. ज्या पोराची सावलीसुद्धा मैदानावर पडलेली नाही त्याचं कूपन घेतलं, तर कुलपातल्या कॅरमवाल्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? अप्पा दोन दिवस आले नाहीत, तिसऱ्या दिवशी शेंगाचटणीची पुडी घेऊन आले.

पहिला आढावा घ्यायला तेच तरुण अधिकारी आले. संध्याकाळची वेळ, मैदानावर लगोरीचे दोन डाव, लंगडीचा एक, वाकळेवर बाळं. त्यांनी बूट काढून वाकळेशेजारी बसून बघितलं. मला माणूस आवडला होता आणि आजही आवडतो. जाताना म्हणाले, ‘मॅडम, मैदान भरलंय हे मला दिसतंय. पण मला वर कूपनं दाखवायची आहेत. मैदान उचलून नेता येत नाही.’ मग त्यांनीच उपाय सांगितला, आणि संस्थेच्या सचिवांनी दुसऱ्या दिवशी तो लेखी पाठवला. कुंपण उंच करा, फाटक लावा. कूपन असेल तो आत. नाहीतर वर्षअखेर केंद्र बंद.

मी तारा ओढून कुंपण उंच केलं आणि फाटक लावलं. माझ्या हातून ते झालं, हे लपवून काय उपयोग? केंद्र वाचलं तर सगळ्यांचंच वाचेल, असं मी मनाला समजावलं. चाचांनी खुर्ची फाटकाशी नेली. पहिल्या दिवशी पन्नासेक पोरं बाहेर राहिली. काही कुंपणाच्या तारा धरून उभी राहिली, काही दुसऱ्या दिवसापासून दिसेनाशी झाली. आणि खरं सांगायचं तर उपाय लागूही पडला. आठवड्याभरात काही आयांनी पुस्तकं आमच्याकडे फिरवली. डब्यात कूपनं पडू लागली. सचिवांचा फोन आला, शाब्बास म्हणाले. बरं वाटलं.

बाळांचं काय करायचं हा प्रश्न होता. सहा वर्षांखाली कूपनच नाही, म्हणजे बाळाला आत घ्यायचं तर कुठल्या खात्यात? मी म्हटलं, फाटकाच्या आत बाळं नकोत. मुली काय करतात याची मला थोडी धाकधूक होती. पण त्यांनी तो प्रश्न आपला आपणच सोडवला. लिंब कुंपणाला लागूनच होता, त्याची अर्धी सावली बाहेरच्या बाजूला पडे. वाकळ त्यांनी तिकडे नेली. नागमणी बाहेरच होती, कारण पुस्तक व्यंकटेशकडे. आत येणारी मुलगी आपलं बाळ नागमणीजवळ ठेवायची आणि कूपन देऊन आत यायची. चिन्नू धरून पाच-सहा बाळं. मी बघितलं आणि म्हटलं, चला, सोय झाली. पोरी हुशार आहेत. असं मी खरोखर मनात म्हटलं, आणि लंगडीच्या रेघा मारायला गेले.

न खेळणारं पोर कुठं उभं आहे ते बघायचा मला पगार मिळत होता, असं वर लिहिलंय. पण ती बसलेली होती, आणि कुंपणाच्या पलीकडे.

त्यानंतर दहा-बारा दिवस गेले असतील. फाटक लागल्यापासून आत बारी उरलेली नव्हती, पण पंधरा मिनिटांनी शिट्टी वाजवायची माझी सवय गेली नव्हती. लंगडीचा डाव बदलायला म्हणून वाजवायचे. त्या दिवशी फक्की संपली म्हणून मी पिशवी आणायला खोलीकडे निघाले आणि चालता चालता शिट्टी वाजवली. तोंड कुंपणाकडे होतं म्हणून दिसलं. शिट्टी वाजली आणि नागमणी उठून उभी राहिली. मांडीवरचं बाळ वाकळेवर ठेवलं, परकर झाडला आणि फाटकाकडे बघत उभी राहिली. आत पोरींनी डाव बदलला आणि पुन्हा धावू लागल्या. तिच्याकडे कुणी आलं नाही. येणार कोण? ती थोडा वेळ उभी राहिली, मग खाली बसली आणि ते बाळ पुन्हा मांडीवर घेतलं.

मी फाटकाशी गेले. चाचांना काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, ‘रोज उठती उने. दस-बारा दिन हो गए. तुमकू आज दिखी.’

मला माझी लाज वाटली. इतक्या वर्षांत मी एकच चांगली गोष्ट उभी केली होती, आणि ती मीच एका पोरीच्या मांडीवर उलटी करून ठेवली होती. आधी सात जणींचं ओझं सात जणींत वाटलेलं होतं. आता ते सगळं एकीवर, आणि ती कोण, तर मैदानावर सगळ्यात चांगली लंगडी घालणारी. मैदानातल्या पोरींचा दोष नव्हता, अनसूयम्माचा नव्हता, त्या अधिकाऱ्याचाही नव्हता. नियम मी लावला होता आणि त्याआधी सभेत टाळ्याही मीच घेतल्या होत्या.

मी फाटकाची कडी काढली आणि तिला आत बोलावलं. ती जागची हलली नाही.

‘कूपन न्हाई की बाई.’

म्हटलं, माहीत आहे. बाळं घेऊन ये. वाकळ आत आण.

तिनं चिन्नूला कडेवर घेतलं, पण उंबरा ओलांडेना. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आन उद्या?’

अकरा वर्षांच्या पोरीनं एवढं विचारलं. आजच्या दिवस दया दाखवून उद्या पुन्हा कडी लावणार असाल तर मला आजही यायचं नाही, असा तो प्रश्न होता. मी म्हटलं, उद्याही. चाचांनी फाटक बिजागरीतून उचललं आणि खोलीमागे नेऊन ठेवलं. वय झालेला माणूस, एकट्यानं उचललं.

त्यानंतर काय झालं ते कुणीही सांगेल. बाहेर गेलेली पोरं परत आली, बारी सुरू झाली, आणि आमच्याकडे फिरलेली पुस्तकं जिथून आली होती तिकडे परत गेली. ‘उघडंच हाय की आता,’ एक आई मला आनंदानं म्हणाली. डबा रिकामा. मी सचिवांना पत्र लिहिलं, अधिकाऱ्यांना भेटले. त्यांना सांगितलं, की कूपन एका पोराचं असतं, पण वाकळ सगळ्यांची असते. तिचं कूपन कुणी फाडायचं? त्यांनी ते लिहून घेतलं. आढाव्यात त्यांनी केंद्राबद्दल एक पान चांगलं लिहिलं होतं, मी वाचलंय. खाली आकड्यांच्या रकान्यात जे होतं ते होतं.

योजनेनं वाईटच केलं असं मी म्हणणार नाही. कुलपातले कॅरम बंद झाले, चांगलंच झालं. चाचांची नात त्या कूपनांवर पोहायला शिकली, नाहीतर तिला तलाव कोण दाखवणार होतं? व्यंकटेशला अकादमीत बूट मिळाले, ते त्यानं फाटेपर्यंत वापरले. निवड मिळाली की माणसाला मान मिळतो, हे मी त्या वर्षी बघितलं. फक्त ज्यांच्या कडेवर दुसरं कुणी आहे त्यांना निवडायला हात मोकळे नसतात, आणि ते मी सभेत बोलायला हवं होतं. बोलायला माझ्याइतकं माहीत असलेलं तिथं कुणी नव्हतं.

फाटक ठेवलं असतं तर केंद्र वाचलं असतं का? बहुतेक वाचलं असतं. अर्धी पोरं आत, अर्धी बाहेर, पण मैदान राहिलं असतं. या प्रश्नावर मी अजून अधूनमधून अडते. माझा नवरा म्हणतो, तू दोन्ही बाजूंनी स्वतःला दोष देतेस, एक बाजू ठरव. मला ठरवता आलेलं नाही.

वर्षअखेर केंद्र बंद झालं. माझी निवृत्ती तशीही तीन महिन्यांवर होती, चाचा गावी वळसंगला मुलाकडे जाणार होते. संस्थेनं जागा कुणाला तरी तासावर क्रिकेट खेळायला भाड्यानं द्यायचं ठरवलं होतं, हिरवी जाजमं टाकून. शेवटच्या दिवशी मी नेहमीसारखी साडेचारला फक्की घेऊन उतरले. भाषण करायचं नाही असं ठरवलं होतं. अप्पा पारावर बसले होते, चाचांनी सगळ्यांना गुळशेंगदाणे वाटले. पाण्याचा दिवस नव्हता, त्यामुळे मुली सगळ्या होत्या. वाकळेवर सहा बाळं.

पहिली बारी झाली. मी शिट्टी तोंडाला लावणार तेवढ्यात नागमणी वाकळेवरून उठून सरळ माझ्याकडे आली. तिनं हात पुढे केला. मला वाटलं आठवण म्हणून मागते आहे. मी शिट्टीची दोरी गळ्यातून काढून तिला दिली. तिनं ती स्वतःच्या गळ्यात घातली, एकदा जोरात वाजवली, आणि चिन्नूला उचलून माझ्या हातात दिलं.

‘बसा बाई,’ ती म्हणाली. ‘आता तुमची बारी.’

मी बसले. मांडी घालून बसायची सवय गेलेली, गुडघे कुरकुरले. दोन बाळं मांडीवर, एक पदराला लोंबकळतंय, एकानं माती खाल्ली, एक सारखं वाकळेबाहेर पळतंय. तिकडे नागमणीनं लंगडी धरली होती. शिट्टी तिच्या छातीवर उडत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाठीत कळ आली. इतकी वर्षं त्या पोरी सात-आठ वर्षांच्या असताना हे रोज करत होत्या, आणि मी शिट्टी घेऊन समोर उभी होते.

पंधरा मिनिटं झाली असावीत. माझ्या अंगाला तो वेळ घड्याळाशिवाय कळतो. मी एका बाळाला वाकळेवर ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून अर्धवट उठले आणि मैदानाकडे बघितलं. नागमणी थांबली होती, एका पायावर. तिनं माझ्याकडे बघितलं. शिट्टी तिच्या मुठीत होती. ती हसली नाही, रागावलेलीही नव्हती. तिनं शिट्टी न वाजवताच मुठीतून सोडून दिली, आणि लंगडत पुढच्या गड्याच्या मागे गेली.

मी पुन्हा खाली बसले.